फीगादो म्हणजे अंजीर खाल्लेलं काळीज

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमच्या वाचकांच्या पत्रांत मागच्या आठवड्यात एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, मराठीतल्या पोर्तुगीज शब्दांवर. बटाटा, पगार, साबण, चावी, घमेलं, परात, पिंप, बिजागरी, लिलाव, अशी नेहमीची यादी. त्या यादीबद्दल माझं काही म्हणणं नाही, बरोबरच आहे ती, आणि दर वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी पाठवतं नि आपण सगळे परत आवडीने वाचतो. पण पत्राच्या शेवटी त्यांनी असं लिहिलंय की बघा, पोर्तुगीज आपल्या या पट्ट्यात दोनशे वर्षं राहिले, घरातल्या सामानाला नावं देऊन गेले, पण आपल्या शरीराला त्यांना हात लावता आला नाही, कारण अवयवांचे शब्द कुठल्याच भाषेत बदलत नसतात. आणि पुरावा काय, तर खुद्द पोर्तुगीजांनीसुद्धा यकृतासाठी ‘हिगादो’ हा रोमन लोकांचा मूळ शब्द जसाच्या तसा जपून ठेवलाय.

एका वाक्यात तीन चुका बसवणं सोपं नसतं, त्यांनी बसवल्यात. हिगादो हा पोर्तुगीज शब्दच नाही, तो स्पॅनिश आहे. रोमन लोकांचा यकृतासाठीचा मूळ शब्द हिगादो तर सोडाच, त्याच्या जवळपासचाही नव्हता. आणि अवयवांचे शब्द बदलत नाहीत हे तर अजिबातच खरं नाही, उलट ते इतके बदलतात आणि इतक्या गमतीशीर कारणांनी बदलतात की मला राहवलं नाही, रविवारचं जेवण आटोपलं नि लिहायलाच बसले.

मी कुणी भाषेची प्राध्यापक वगैरे नाहीये हे आधीच सांगते. तळोजा एमआयडीसीत मासळी एक्स्पोर्टचे प्लांट आहेत, त्यातल्या एकात मी डॉक्युमेंटेशन बघते, म्हणजे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, हेल्थ सर्टिफिकेट आणि न्हावा-शेव्याला कंटेनर लागेपर्यंत सगळ्यांना फोन करत राहणं. फ्रोझन माकूल, म्हणजे स्क्विड, आपल्याकडून स्पेनला भरपूर जातं आणि तिकडचं मासळीचं सगळ्यात मोठं बंदर म्हणजे विगो. हे विगो गालीशियात येतं, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्तुगालच्या बरोबर डोक्यावर, मध्ये फक्त मिन्यो नदी. तिथली भाषा गालेगो, आपण गॅलिशियन म्हणू. मध्ययुगात ही आणि पोर्तुगीज एकच भाषा होती, बाराव्या शतकात पोर्तुगाल वेगळं राज्य झालं, दक्षिणेकडे सरकत गेलं आणि एकाच घरातल्या दोन चुली झाल्या. पुढे फ्रँकोच्या काळात, म्हणजे १९३९ ते १९७५, शाळेत नि ऑफिसात गालेगोला थारा नव्हता (फ्रँको स्वतः गालीशियातल्या फेरोलचा, तरीही!) आणि १९८१च्या कायद्याने ती स्पॅनिशच्या बरोबरीने तिथली राजभाषा झाली. गालेगो आणि पोर्तुगीज आज एक भाषा म्हणायच्या का दोन यावर तिकडे अजून कडाक्याने भांडतात, स्पेलिंग कुणाच्या पद्धतीनं करायचं त्यावर तर फारच. आपल्याकडे कोकणीवरून जे होतं ते आठवा म्हणजे कल्पना येईल.

तर विगोहून एक क्वालिटीची बाई प्लांट बघायला आली होती. लाईनवर आमच्या बायका माकूल साफ करत होत्या, एका हातात नळी धरायची, दुसऱ्या हाताने डोकं धरून हलकेच ओढायचं, की आतलं सगळं एका झटक्यात बाहेर येतं, शाईची पिशवी आणि त्याच्या बाजूला लांबट तपकिरी गोळा, त्याला सगळे लिव्हरच म्हणतात. तो गोळा फुटला की पांढऱ्याशुभ्र मांसाला डाग पडतो नि माल रिजेक्ट. बाई वाकून वाकून तेच बघत होत्या आणि पॅडवर टिपत होत्या. मी शेजारी उभी, छापील फॉर्मवर स्पॅनिशमध्ये ‘इगादो’ (ह लिहितात पण बोलत नाहीत) असं होतं नि बाई हाताने मात्र प्रत्येक वेळी ‘फीगादो’ लिहीत होत्या, पहिल्या फीच्या डोक्यावर छोटीशी तिरकी रेघ देऊन. मी विचारलं, हे फ कुठून आलं? तर हसून म्हणाल्या, फ आलं नाही, फ होतंच, स्पॅनिशवाल्यांनी घालवलं.

आणि ते खरंच तसं आहे. लॅटिनमधला सुरुवातीचा फ स्पॅनिशमध्ये आधी ह झाला आणि मग तो ह पण बोलण्यातून गेला. गालेगोने नि पोर्तुगीजने फ टिकवला. पोर्तुगीज फोर्नो म्हणजे भट्टी, स्पॅनिशमध्ये ओर्नो. पीठ तिकडे फारिन्या, इकडे आरिना. मुलगा पोर्तुगीजमध्ये फिल्यू, स्पॅनिशमध्ये इखो. बोलणे ते फालार आणि आब्लार. म्हणजे पत्रलेखकांनी ज्याला पोर्तुगीजांनी जसाच्या तसा जपलेला म्हटलंय तो हिगादो नेमका त्यांच्या शेजाऱ्यांकडे झिजलेला अवतार आहे.

आता फ परत लावला, फीगादो झालं, मग त्याच्या मागे लॅटिनमध्ये काय? तर फिकातुम. दोन स्वरांच्या मध्ये आलेला क मऊ होऊन ग होतो आणि त चा द होतो, हा त्या भाषांचा नेहमीचा रस्ता, आमिकुस चं आमिगो झालं, वीता म्हणजे आयुष्य त्याचं वीदा झालं, तसं फिकातुम चं फीगादो. आणि फिकातुम म्हणजे यकृत का? नाही! फिकातुम म्हणजे ‘अंजीरवालं’. फिकुस म्हणजे अंजीर, ज्याला पोर्तुगीज आणि गालेगोत आजही फिगो म्हणतात.

ही भानगड अशी. ग्रीक आणि त्यांचं बघून रोमन लोक हंसांना सुकी अंजिरं भरवून भरवून लठ्ठ करायचे, म्हणजे त्यांचं यकृत मोठं नि चरबीदार व्हायचं, मग ते मेजवानीत वाढायचं. होरेस नावाच्या कवीने एका श्रीमंताच्या पंगतीचं वर्णन केलंय त्यात अंजिरावर पोसलेल्या पांढऱ्या हंसाचं यकृत ताटात येतं. प्लिनी नावाचा रोमन लेखक, जो इसवी सन ७९ला व्हेसुव्हियसच्या स्फोटात गेला, तो लिहितो की आपिकियुस नावाच्या खवय्याने हीच ट्रिक डुकरिणींवर केली, आधी सुकी अंजिरं चारून चारून तुडुंब करायचं आणि मग एकदम मध घातलेली वाइन पाजायची, की त्या भरल्या पोटी जागच्या जागी मरायच्या. (आपल्याला वाचतानाच कसंतरी होतं, पण फ्रेंच लोक आजही त्यातलाच प्रकार फ्वा ग्रा म्हणून महाग विकतात, फक्त अंजिराऐवजी मका.) तर या पदार्थाचं लॅटिन नाव होतं ‘येकुर फिकातुम’, अंजीरवालं यकृत, आणि ते ग्रीकमधल्या ‘हेपार सुकोतोन’चं सरळ भाषांतर, सुकोन म्हणजे ग्रीकमध्ये अंजीर.

पुढे बाजारात, खानावळीत, खाटकाकडे लोक नाव पूर्ण घेईनात. येकुर गेलं, नुसतं फिकातुम राहिलं. समजा आपण भरलं वांगं म्हणायच्या ऐवजी ‘भरलं’ ‘भरलं’ म्हणत राहिलो आणि हजार वर्षांनी शेतातल्या झाडाला लागलेल्या कोवळ्या वांग्यालाही लोक ‘भरलं’च म्हणायला लागले, ज्यात काहीच भरलेलं नाही, तर कसं होईल, अगदी तसं झालं. आधी अंजीर खाल्लेल्या हंसाचं यकृत, मग कुठल्याही जनावराचं, मग माणसाचं. ज्याने जन्मात अंजीर बघितलं नाही त्याच्याही पोटात फीगादो आला. आणि हे एकट्या पोर्तुगीजमध्ये नाही, इटालियन फेगातो, फ्रेंच फ्वा, रोमानियन फिकात, कॅटलान फेत्जे, सगळे त्याच अंजिराचे. ग्रीकांकडे पण तसंच झालं, जुना हेपार शब्द डॉक्टरांकडे गेला (त्यावरूनच हेपटायटिस), आणि घरोघरी यकृताला सिकोती म्हणतात, म्हणजे परत अंजीरच.

एक बारीक गंमत त्या तिरक्या रेघेची. लॅटिनमध्ये जोर मधल्या ‘का’वर होता, फिकाऽतुम. रोमानियनमध्ये तो अजून तिथेच आहे. पण गालेगोत, पोर्तुगीजमध्ये, स्पॅनिशमध्ये, इटालियनमध्ये तो उडी मारून पहिल्या अक्षरावर आलाय, फीऽगादो. नियमाने असं व्हायला नको, म्हणून अभ्यासकांनी यावर बराच खल केलाय आणि बहुतेकांचं म्हणणं की शेजारच्या ग्रीक शब्दाच्या उच्चाराचा धक्का लागून जोर सरकला. मला हे फार आवडलं. स्वयंपाकघरातल्या भाषांतराच्या खुणा त्या शब्दावर दोन हजार वर्षांनी एका रेघेच्या रूपात शिल्लक आहेत नि ती रेघ तळोज्यात एक बाई ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने काढतेय.

मग ज्या येकुरला त्यांनी हाकललं तो कोण? तो आपला सख्खा नातेवाईक निघतो. लॅटिन येकुर आणि संस्कृत यकृत् ही एकाच मूळ शब्दाची रूपं. आणि हे असंच कानाला सारखं लागतंय म्हणून नाही म्हणत, ते व्हॉट्सॲपवाले लावतात तसले जुगाड मला पण नकोसे होतात. इथे पक्की खूण आहे. संस्कृतमध्ये यकृत् ची षष्ठी करायला गेलात की र गायब होतो नि न येतो, यक्नः. लॅटिनमध्ये येकुर ची षष्ठी येकिनोरिस, तिथेही एकदम न उगवतो. असली विचित्र खोड दोन भाषांत योगायोगाने नाही येत, ती घराण्यातूनच येते. फारसी जिगर पण याच घराण्यातला, म्हणजे आपण जिगरी दोस्त म्हणतो, जिगरबाज म्हणतो, तेव्हा यकृताच्याच नावाने बोलतो. इटलीत पण हिंमतवाल्याकडे ‘फेगातो’ आहे असं म्हणतात, तीच कल्पना. पोर्तुगीजमध्ये मात्र ‘वाईट फीगादोंचा माणूस’ म्हणजे खुनशी, डूख धरणारा.

आणि आता आपण. आपण काय मोठे यकृत सांभाळून बसलोय? मराठीत यकृत फक्त शाळेच्या पुस्तकात नि आयुर्वेदिक औषधाच्या जाहिरातीत आहे. घरचा शब्द काळीज. आणि काळीज म्हणजे मुळात यकृतच, अमरकोशात यकृताला ‘कालखण्ड’ असा पर्याय दिलेला आहे, काळा तुकडा, आणि कालेय असाही संस्कृत शब्द आहे त्याच घरातला. रोमन लोकांनी चवीवरून नाव ठेवलं, आपल्या लोकांनी रंगावरून, पण दोघांनीही ते बघितलं कापलेल्या जनावरात हे उघड आहे. मग आपल्याकडे आणखी एक घोळ झाला तो तिकडे झाला नाही, आपलं काळीज सरकून छातीत डावीकडे गेलं. काळीज धडधडतं, काळजाचा ठोका चुकतो, काळजात धस्स होतं, यातलं एकही काम यकृत करत नाही! पण खाटकाला विचारा, तो जुन्या अर्थाला चिकटून आहे. आमच्या सेक्टरमागच्या गावातल्या दुकानात रविवारी सकाळी लाईन असते, तिथे ‘दादा, कलेजी वेगळी द्या’ म्हटलं की तो हृदय देत नाही, यकृतच देतो, गडद, लिबलिबीत, सुरी टेकवली की आपोआप पसरणारं. चिकनवाल्याकडची पोटा-कलेजी तशीच. म्हणजे एकाच घरात आई पोराला ‘माझ्या काळजाचा तुकडा’ म्हणते तेव्हा हृदय, आणि बाबांना ‘कलेजीचे तुकडे बारीक करा’ सांगते तेव्हा यकृत, आणि कुणाचाही गोंधळ होत नाही.

पत्रलेखक म्हणतील, यकृत आतलं असतं, दिसत नाही, म्हणून त्याचं झालं असेल, बाहेरचे अवयव तर तसेच आहेत ना. नाहीत हो. बाहेरचे तर ऐकण्यासारखे आहेत.

कपाळ घ्या. पोर्तुगीज आणि गालेगोत कपाळाला ‘तेस्ता’ म्हणतात. लॅटिनमध्ये तेस्ता म्हणजे भाजलेल्या मातीचं भांडं, खापर. कुणीतरी चेष्टेत डोक्याच्या कवटीला खापर म्हणायला लागलं, ते इतकं चाललं की फ्रेंचमध्ये तेच पूर्ण डोक्याचं नाव झालं, तेत, आणि पोर्तुगालकडे ते पुढे कपाळावर येऊन थांबलं. आता आपला शब्द बघा. संस्कृतमध्ये कपाल म्हणजे खापराचा तुकडा, वाडगा. यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीची पिठाची भाकरी, भाजायचे ते मातीच्या कपालांवर, आठ कपालांवरचा असला की त्याला अष्टाकपाल म्हणायचे, अकरांवरचा असला की एकादशकपाल. मग कपाल म्हणजे कवटी झाली, कापालिक पंथाचे साधू हातात घेऊन फिरायचे ती. आणि मराठीत येईपर्यंत ते कपाळ झालं, जिथे आपण कुंकू लावतो नि जिथे नशीब लिहिलेलं असतं. खापर ते कवटी ते कपाळ. तिकडे खापर ते कवटी ते तेस्ता. एकमेकांना न विचारता, एकमेकांचं काहीही न उचलता, दोन भाषा त्याच तीन पायऱ्या उतरून त्याच जागी येऊन थांबल्यात. मला हे कळलं तेव्हा मी ऑफिसात दोघा-तिघांना बोलावून सांगितलं, त्यांनी ‘अच्छा’ म्हणून परत कंटेनरचं ट्रॅकिंग उघडलं, ते जाऊ दे. (पोर्तुगीजमध्ये ‘लोखंडी तेस्ता’ म्हणजे व्यवहारात नावापुरता पुढे केलेला माणूस. आमच्या नवी मुंबईतल्या जमिनींच्या व्यवहारात हा शब्द फार उपयोगी पडला असता.)

तोंडाचं पण तसंच. पोर्तुगीजमध्ये चेहऱ्याला ‘रोस्तु’ म्हणतात, लॅटिनमध्ये रोस्त्रुम म्हणजे पक्ष्याची चोच. जहाजाच्या नाकाडावर धडक द्यायला जी टोकदार धातूची चोच बसवायचे तीही रोस्त्रुम. रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी ३३८ मध्ये आंतियुमच्या लोकांना हरवून त्यांच्या जहाजांच्या चोची कापून आणल्या नि चौकातल्या भाषणाच्या ओट्यावर लावल्या, म्हणून तो ओटा रोस्त्रा. आणि आपलं तोंड? संस्कृत तुण्ड, म्हणजे चोच, सोंड, डुकराचं नाकाड. वक्रतुण्ड महाकाय रोज म्हणतोच की आपण, तिथे तुण्ड म्हणजे सोंड हे लहान पोरालाही माहीत असतं. पण ‘तोंड धुतलंस का’ म्हणताना त्या पोराला आपण सोंड धुवायला सांगतोय हे कुणाच्याही मनात येत नाही. चोच किंवा सोंड म्हणजे आधी नक्कीच शिवीसारखं वापरलं असणार, आज आपण थोबाड म्हणतो तसं, आणि सभ्य शब्द हळूहळू घरी बसला. मुख आता आरतीत नि मुखपृष्ठावर. पोर्तुगीजमध्ये तोंडाच्या आतल्या भागाला, म्हणजे आपण आ करतो त्याला, ‘बोका’ म्हणतात, तो लॅटिनमध्ये गाल होता, फुगवलेला गाल. लॅटिनचा खरा तोंडाचा शब्द ओस, तो तर साफ गेला.

पायाचं एक सांगते मग पुरे. पोर्तुगीज आणि गालेगोत ‘पेर्ना’ म्हणजे तंगडी, लॅटिनमध्ये पेर्ना म्हणजे डुकराची मांडी, मिठात मुरवून टांगलेली. परत खाटीकच. आणि त्याच्याही मागे गेलात तर तो संस्कृत पार्ष्णिचा भाऊ, पार्ष्णि म्हणजे टाच. टाचेवरून निघाला, डुकराच्या मांडीला लागला नि माणसाचा अख्खा पाय घेऊन बसला. आपल्याकडे ‘तंगड्या तोडीन’ म्हणणारा माणूस आणि तंगडी कबाब मागवणारा माणूस एकच असतो तेव्हा यात नवल वाटायचं कारण नाही.

आता न्यायाने दुसरी बाजू पण सांगायला हवी. काही शब्द खरंच हलत नाहीत. दात घ्या, संस्कृत दन्त, लॅटिन देन्तेम, पोर्तुगीज नि गालेगो देंते, हजारो वर्षं तोच. पाऊल म्हणजे तिकडे ‘पे’. लॅटिन पेदेम मधला द दोन स्वरांच्या मध्ये विरघळला आणि पे राहिलं. आपल्या पाद मधला द महाराष्ट्री प्राकृतात तसाच विरघळला आणि पाय राहिला. इथे मूळ शब्दही एक आणि झीजही एकसारखी, म्हणून पे आणि पाय इतके जवळचे वाटतात, कुणी कुणाकडून घेतलेले नाहीत. गुडघ्याला गालेगोत शेओन्ल्यो, पोर्तुगीजमध्ये जुएल्यु, मुळात लॅटिन गेनु, आणि आपल्याकडे आजानुबाहू मधला जानु, तो पण भाऊच. मात्र इथे आपण हललो, जानु आपल्याकडे फक्त रामाच्या नि महाराजांच्या वर्णनात, एरवी गुडघाच दुखतो.

म्हणजे नियम काय, तर मला तरी असं वाटतं की जो अवयव ताटात येतो किंवा भांडणात येतो त्याचं नाव लवकर बदलतं. दात खायला कुणी मागत नाही. यकृत, मांडी, मुंडी, भेजा यांना मात्र खाटकाच्या ओट्यावरून भाव लागतो नि तिथे चालतं ते नाव घरी येतं. माझा हा अंदाज आहे, सिद्धांत नाही.

हृदयाबद्दल एक राहिलं. लॅटिन कोर, जुन्या गालेगो-पोर्तुगीजमध्ये पण कोर. पण त्या भाषेला ल खायची सवय, लॅटिन कोलोर म्हणजे रंग त्यातला ल खाल्ला नि त्याचंही कोर होऊन बसलं. आता रंग पण कोर नि हृदय पण कोर, मग हृदयाला लांबलचक शेपूट लावलेला शब्द वापरात राहिला, पोर्तुगीज कोरासांव, गालेगो कोराथोन. जुना कोर एकाच ठिकाणी अजून लपून बसलाय, ‘दि कोर’ येणे म्हणजे पाठ असणे. ते लोक हृदयात ठेवतात ते आपण तोंडात ठेवतो, तोंडपाठ. (आणि त्यातलं पाठ म्हणजे पाठ दुखते ती नव्हे, ती पृष्ठ वरून आलेली, हे पठ् धातूचं. एवढं तरी मुलांना शाळेत सांगायला हवं.)

पोर्तुगीजांनी आपल्या शरीराला हात लावला नाही हे पत्रलेखकांचं म्हणणं मराठीपुरतं साधारण बरोबर धरू. ठाणे १७३७ला त्यांच्या हातून गेलं, वसई १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी घेतली, ठाण्याचा त्यांनी बांधायला घेतलेला किल्ला आज जेल आहे, आणि हात-पाय-नाक-कान आपले आपल्याकडेच राहिले. पण जरा खाली उतरून रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला जा. तिथल्या ख्रिश्चन वस्तीत आजही पोर्तुगीजवरून बनलेली बोली बोलतात आणि तिला ते स्वतः ‘नौ लिंग’ म्हणतात. मराठी माणसाने हसू नये, लिंग म्हणजे इथे लिंग्वा, जीभ, नौ लिंग म्हणजे आमची जीभ, आमची भाषा. शेजारचं चौल पोर्तुगीजांच्या हातून गेलं १७४०ला, त्यानंतर पोर्तुगीज साहेब नाही, पोर्तुगीज शाळा नाही, सगळीकडून मराठी, तरी ती बोली टिकली. म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यात एका गावात पोर्तुगीजांचा निदान एक अवयव शिल्लक आहे, आणि तो नेमका जीभ आहे.

आणि बदल थांबलाय असं तर मुळीच नाही. घरच्या ग्रुपवर मेसेज येतो, ‘काकांच्या लिव्हरला सूज आलीये, सोनोग्राफी करायला सांगितलंय’. यकृताला सूज असं कुणी लिहीत नाही, काळजाला सूज लिहिलं तर लोक कविता समजतील. हार्टचा प्रॉब्लेम, किडनी स्टोन, ब्रेन हॅमरेज, सगळं इंग्रजीतून, कारण आतल्या अवयवांची ओळख आता खाटकाकडे कमी नि रिपोर्टच्या कागदावर जास्त होते. हात, पाय, नाक मात्र अजून हात, पाय, नाकच, ‘माझा हँड दुखतो’ असं फक्त इंग्लिश मीडियमची तीन-चार वर्षांची पोरं म्हणतात आणि त्यांनाही आजी ओरडते. यात वाईट काय नि चांगलं काय ते ज्याने त्याने ठरवावं, मला त्याचं सुतक नाही, फक्त ‘अवयवांचे शब्द बदलत नाहीत’ असं छापून आलं की डोळ्यासमोर रोज बदलत असताना ते कसं पटवून घ्यायचं.

तेव्हा एक विनंती. ते पत्र तुमच्या ऑनलाइन आवृत्तीत अजून आहे, त्यात पोर्तुगीज म्हणून दिलेला ‘हिगादो’ काढून ‘फीगादु’ करावा (लिहितात फीगादो, पण पोर्तुगीजमध्ये शेवटच्या ओ चा उच्चार उ होतो), गालेगोसाठी ‘फीगादो’, फी दीर्घ आणि जोर तिथेच, आणि कंसात ‘स्पॅनिश : इगादो’ टाकलं तरी चालेल. ‘रोमन लोकांचा मूळ शब्द’ हे मात्र पूर्ण गाळावं, तिथे येकुर लिहावं. बाकी बटाटा-पगाराची यादी आहे तशी राहू द्या. आणि हो, त्या यादीत ‘कोबी’ राहिलाय, तो पण पोर्तुगीजच आहे, कोव्ह वरून.

आपली वाचक,
खारघर, नवी मुंबई